तांती अल्मिराच्या करकरीत नोटा

१

तांती अल्मिराने घरातलं थोरलं बायबल उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत चाळलं, मग उलटं धरून झटकलं. त्यातून एक लाल रिबन पडली, एक वाळलेलं फूल पडलं आणि कुणाच्या तरी बाप्तिस्म्याची पत्रिका पडली. पैसे पडले नाहीत.

व्हरांड्यात भिशीतले आम्ही सगळे जमलो होतो. मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले.

ग्रेनेडा देशातल्या आमच्या कारिआकू बेटावर भिशीला सुसू म्हणतात आणि मावशीला तांती. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम तांतीकडे द्यायची आणि ज्याची पाळी असेल त्याने सगळी उचलायची. कागद नाही, सही नाही. हिशेब तांतीच्या डोक्यात आणि पैसे बायबलात. बायबलातून कोण चोरणार, असा तिचा सवाल असे. शिवाय त्या ग्रंथाच्या वजनाने आणि पुण्याईने नोटा सरळ होतात, असं ती छातीठोकपणे सांगायची आणि तसं होतही होतं. आम्ही कितीही मळक्या, चुरगळलेल्या, मासळीचा वास मारणाऱ्या नोटा दिल्या तरी पाळीच्या दिवशी तांतीच्या हातून निघणारी नोट करकरीत असायची. लाल रिबन बांधलेलं ते पुडकं हातात पडलं की माणसाला घटकाभर आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

या महिन्याची पाळी व्हर्लिनची होती. व्हर्लिन पाव भाजते, म्हणजे भाजायची. गेल्या पावसात तिची मातीची भट्टी खचली आणि तेव्हापासून अख्खी खाडी माझ्या दुकानातला, त्रिनिदादहून येणारा पिशवीबंद पाव खाते आणि खाताना मला शिव्या देते. व्हर्लिनने सेंट व्हिन्सेंटच्या एका हॉटेलातला जुना गॅसचा ओव्हन ठरवला होता. तो तिकडच्याच बेक्विया बेटावरच्या कॅप्टन ऑर्लिनच्या बोटीवर बसून आमच्या धक्क्याला लागलाही होता. भिशी उचलायची, पैसे द्यायचे, ओव्हन उतरवायचा, इतकंच राहिलं होतं.

"उद्या दुपारी मी निघतो," कॅप्टन कठड्याला टेकून म्हणाला. "बेक्वियाचा एक हॉटेलवाला त्या ओव्हनसाठी माझ्या पाया पडतोय. पैसे इथे मिळाले तर इथे उतरेल, नाहीतर तिथे."

शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. हिल्सबरोतली बँक आता सोमवारीच उघडणार होती.

"तांती, परत बघा ना," व्हर्लिन म्हणाली. ती चर्चचा निळा झगा घालून आली होती.

"तीनदा बघितलं गं, पोरी." तांती खुर्चीत बसली. तिचा नवरा, हेस्कथकाका, दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चुरगळलेला शर्ट, पांढराफटक चेहरा. तांतीला कुणावर तरी राग काढायचा होता म्हणून तिने माझ्यावर काढला. "आणि तू रे फिलबर्ट. पुन्हा दुकानामागे प्लास्टिकच्या बाटल्या जाळल्यास ना? सकाळी क्लिनिकातून आले तर घरभर वास. डोकं उठलं माझं."

मी कित्येक आठवड्यांत काडीही ओढली नव्हती. पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? सगळे एकमेकांकडे बघत होते आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं.

२

पोलिसात जायचा प्रश्नच नव्हता. आमचा हवालदार भिशीत होता, म्हणजे तोही संशयितच. त्याने स्वतःच तसं सांगितलं आणि तो घरी जेवायला निघून गेला.

राहता राहिली मिस युडोरा. ती कस्टममधून निवृत्त झालेली आहे. ऐन उमेदीत तिने एका माणसाच्या चालण्यावरून त्याच्या विजारीत व्हिस्कीच्या बाटल्या किती आहेत ते सांगितलं होतं, आणि त्या निघाल्याही होत्या. आता ती माझ्या दुकानातल्या खिडकीजवळच्या स्टुलावर असते. खाणं उधारीवर. गेली तीन वर्षं मी ते पैसे मागायचं धैर्य गोळा करतो आहे.

"घरात कोण कोण येऊन गेलं?" तळलेला बेक, म्हणजे आमची जाड पुरी, तोंडात घालत तिने दुकानात आलेल्या तांतीला विचारलं.

"बुधवारी मी स्वतः नोटा बायबलात ठेवल्या. काल तो मासळीवाला गार्नेट आला, नेहमीसारखा उशिरा आणि ओले पैसे घेऊन. मग हा कॅप्टन आला, कोको ढोसायला. मग हा फिलबर्ट, हेस्कथला रम पाजायला."

"आणि आज सकाळी?"

"मी प्रेशर तपासायला गेले होते. घरी हेस्कथच होता."

तांती गेल्यावर मिस युडोराने बोटं चाटली. "चोर हे पैसे खर्च कुठे करणार, सांग बरं."

"इथे केले तर चहा प्यायच्या आत खाडीला कळेल," मी म्हटलं.

"त्रिनिदादला नेले तर?"

"त्यांचा डॉलर वेगळा. बँकेत बदलून घ्यावे लागतील. तिथे दहा प्रश्न."

"आणि समोर युनियनला?"

युनियन बेट माझ्या दुकानाच्या दारातून दिसतं. तो दुसरा देश आहे, पण डॉलर आपलाच. तिथून पुढे सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, डॉमिनिका, अँटिग्वा, थेट वर सेंट किट्सपर्यंत तोच डॉलर आणि नोटेवर तीच राणी. आठ सरकारं, आठ झेंडे, क्रिकेटवरून एकमेकांची डोकी फोडायची तयारी, पण पाकीट एकच. एका अमेरिकन डॉलरला आमचे दोन डॉलर सत्तर सेंट, हा भाव मला मिशी फुटत होती तेव्हापासून हललेला नाही. माझ्या आयुष्यात न हललेली तेवढी एकच गोष्ट.

"युनियनला नोट दिली तर कुणी तोंडाकडेही बघणार नाही," मी कबूल केलं.

"म्हणजे चोराला होडी पाहिजे. होड्या दोघांकडे. गार्नेट आणि कॅप्टन." तिने माझ्या काचेच्या कपाटातल्या पिशवीबंद पावांकडे मान वळवली. "किंवा होडी नसेल तर दुकान पाहिजे. व्हर्लिनला ओव्हन मिळाला की हा भुसा कोण घेणार रे, फिलबर्ट?"

मी तिच्यासमोरची ताटली उचलून घेतली. तिने ती परत ओढली. "तू संशयित आहेस म्हणून मी काही उपाशी राहणार नाही," ती म्हणाली. "चल, आधी गार्नेटकडे जाऊ."

३

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तोवर गावाने निकाल देऊन टाकला होता. गार्नेट त्याच दिवशी सकाळी युनियनला जाऊन आला होता आणि एवढं लोकांना पुरे होतं. त्याच्या होडीत लाल मासळीचा ढीग पडला होता. रोज दिवेलागणीआधी ती संपते. आज एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"व्हर्लिनसाठी दोन मोठे मासे बाजूला काढून पाठवले होते," गार्नेट आमच्याकडे न बघता म्हणाला. "ती आली, ते परत फळीवर ठेवले आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"तू तांतीकडे गेलास तेव्हा काय झालं?" मिस युडोराने विचारलं.

"काय होणार. तिने नेहमीचंच ऐकवलं. मेल्या, असल्या ओल्या नोटा बायबलात घालू का म्हणे. मी म्हटलं, तांती, या नव्या आहेत, पुसल्या की कोरड्या." त्याने भिजलेल्या चड्डीच्या खिशातून पन्नासाची नवी नोट काढली आणि होडीच्या फळीवर आपटली. पाण्याचे थेंब घरंगळून गेले.

त्या वर्षी नोटा बदलत होत्या. बँकेत कागदी नोट गेली की ती परत येत नसे, बदल्यात ही प्लास्टिकची मिळे. या महिन्याची भिशी आम्ही झाडून सगळ्यांनी याच नोटांत भरली होती. तांतीला त्या गोळीच्या कागदासारख्या वाटत आणि तसं ती प्रत्येकाला सांगे.

मिस युडोराने ती पन्नासाची नोट मुठीत दाबली आणि मूठ उघडली. नोट पुन्हा पसरली. तिने ते तीन-चार वेळा केलं, लहान मूल खेळण्याशी खेळतं तसं. मला तिची लाज वाटली.

"युनियनला कशाला गेला होतास?" तिने नोट परत करत विचारलं.

"बर्फाला."

"बर्फाला," ती म्हणाली आणि होडीतल्या पेटीचं झाकण तिने उघडलं. गार्नेट उठून मध्ये आला, पण उशीर झाला होता. पेटीत बर्फाचा खडाही नव्हता. गोणपाटात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं एक चौकोनी गाठोडं होतं.

४

"सोड," मिस युडोरा म्हणाली. गार्नेटने दोरी सोडली. आत पावाचे पत्र्याचे साचे निघाले, एकात एक बसवलेले, कोरे करकरीत.

"ओव्हनबरोबर द्यायचे होते," गार्नेट वाळूकडे बघत म्हणाला. "तिचे जुने गंजलेत. माझे पैसे आहेत, मिस युडोरा. मासळीचे."

"मग हे लोकांना सांग की, बाबा."

"काय सांगू? चोर म्हणतात त्याने साचे आणले, तर साचेही चोरीचेच म्हणतील." त्याने गाठोडं पुन्हा बांधलं. "तिला सांगू नका."

आम्ही धक्क्याकडे चालू लागलो. मला मागे वळून बघवत नव्हतं. मिस युडोराच्या भुकेला असलं काही आडवं येत नाही. तिने वाटेत एक आंबा खाल्ला.

कॅप्टन ऑर्लिन बोटीवर, ओव्हनलाच पाठ लावून बसला होता. "या, या," तो म्हणाला. "ग्रेनेडाचं पोलीस खातं आलं. तुमचे पैसे तुम्हाला सांभाळता येत नाहीत आणि विसाच्या नोटेवर जायफळ आहे म्हणून मिरवता."

"तुमची बेक्वियाची खाडी दहाच्या नोटेवर आहे," मी म्हटलं. "म्हणजे आमच्या बरोब्बर निम्मे."

"खिशात काय आहे रे?" मिस युडोरा मध्येच म्हणाली. कॅप्टनने खांदे उडवले आणि खिशातून चांगला जाडजूड गठ्ठा काढला. पन्नासाच्या नोटा, सगळ्या नव्या.

मी तिच्याकडे बघितलं. तिने फक्त नाक खाजवलं.

"कांदे विकले, बटाटे विकले," कॅप्टन म्हणाला. "विचारा बाजारात."

"जुन्या नोटांवर नंबरापाशी एक अक्षर असायचं," ती मला म्हणाली. "कुठल्या बेटासाठी छापली ते कळायचं. आता तेही गेलं. ही नोट कुठून आली ते ती सांगत नाही आणि कुठे जायला लाजत नाही."

"आणि बाई, मी चोरू कशाला? आज ते पैसे माझ्याच हातात पडणार होते."

"ओव्हनही राहिला असता आणि पैसेही."

"तुम्ही कस्टममध्ये होता ते लगेच कळतं," कॅप्टन म्हणाला, पण तो हसला.

ती जायला वळली आणि थांबली. "काल तू तांतीकडे कोको प्यायलास, तेव्हा हेस्कथने अंगात काय घातलं होतं?"

"हा काय प्रश्न झाला? नेहमीचा पांढरा शर्ट. बाहीची घडी अशी धारदार की माझ्या मनात आलं, याला मिठी मारली तर कापायला होईल."

मिस युडोरा तडक परत निघाली. माझ्या दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली आणि हसू लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"फिलबर्ट," ती म्हणाली, "पैसे चोरीला गेलेच नाहीत."

५

एवढं सांगून ती झोपायला गेली. मी रात्रभर कूस बदलत होतो. शनिवारी सकाळी ती आली ती काखेत आपला रविवारचा ब्लाउज घेऊनच. त्याचा पार बोळा झालेला होता.

"तांतीकडे चल," ती म्हणाली. "तोंड बंद ठेव आणि काही झालं तरी खरं बोल."

"तोंड बंद ठेवून खरं कसं बोलू?"

"जमेल तुला."

हेस्कथकाकाबद्दल सांगायला हवं. हा माणूस उभं आयुष्य प्रवासी जहाजांवर साहेबलोकांच्या खोल्या सांभाळत होता. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा इतरांसारखा रेडिओ किंवा सायकल न आणता इस्त्री घेऊन आला. तो ताट पुसायच्या फडक्यालाही इस्त्री करतो. माझ्या बापाच्या अंत्ययात्रेत त्याने माझा टाय काढून घेतला होता आणि शेजारच्या घरात जाऊन तो इस्त्री करून आणला होता, तोवर पाद्री थांबला होता. त्या दिवशी मात्र तो कालच्याच शर्टात व्हरांड्यात बसला होता.

"काळजीने खंगला बिचारा," तांती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "रात्रभर जागा. माझा उद्याचा झगा तसाच पडलाय, म्हणतो मनगट दुखतंय. आज व्हर्लिनच्या आईने मला नमस्कार केला नाही, युडोरा. आयुष्यात पहिल्यांदा."

"हेस्कथ," मिस युडोरा एकदम लाडात आली, "माझ्या ब्लाउजवर एकदा इस्त्री फिरवून दे ना. तुझ्यासारखी घडी कुणाला जमते?"

हेस्कथकाकाने कप खाली ठेवून मनगट धरलं. "मनगट…"

"मग मी करते. इस्त्री कुठे आहे?"

त्याने तांतीकडे बघितलं, छपराकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"इस्त्री फिलबर्ट घेऊन गेलाय," तो म्हणाला.

माझ्या अंगातल्या शर्टाला माझ्या लग्नानंतर इस्त्री लागलेली नाही आणि लग्नातही बायकोने नुसता ओला हात फिरवला होता. तांती, हेस्कथकाका आणि मिस युडोरा तिघं माझ्याकडे बघत होते. त्यातल्या एकाच्या डोळ्यांत गयावया होती.

"मी नाही नेली," मी म्हटलं.

६

मिस युडोराने सगळ्यांना धक्क्यावरच बोलावलं, कारण कॅप्टनने इंजिन सुरू करून ठेवलं होतं. ओव्हन अजून बोटीवर होता. व्हर्लिन त्याच्या समोर, धक्क्याच्या टोकाला उभी होती. गार्नेट त्याच्या होडीत होता आणि त्याच्याभोवती लोकांनी बरीच मोकळी जागा सोडली होती.

"खाडीच्या या हवेत बिस्किटाचा पुडा फोडला की बिस्किटं सादळतात," मिस युडोराने सुरुवात केली. "मीठ ओलं होतं. माझे सांधेसुद्धा सादळलेत. आणि अल्मिरा, तुझ्या बायबलातून निघणारी नोट करकरीत? मी कस्टममध्ये बायबलातून लपवलेल्या पुष्कळ नोटा काढल्यात. सगळ्या लोळागोळा. कुणीतरी दर महिन्याला, तू घरात नसताना, त्या नोटा काढून त्यांना इस्त्री करत होतं आणि पुन्हा आत ठेवत होतं."

लोकांत कुजबुज झाली.

"कागदाच्या होत्या तोवर ठीक चाललं. काल सकाळी अल्मिरा क्लिनिकात गेली. घरात प्लास्टिक जळल्याचा वास भरला. फिलबर्टने बाटल्या जाळल्या म्हणून त्याने शिव्या खाल्ल्या, पण त्याने जाळल्या नव्हत्या. गुरुवारी ज्याच्या बाहीची घडी बघून कॅप्टनला कापायची भीती वाटली, तो माणूस शुक्रवारी दुपारपासून चुरगळलेला आहे. आणि इस्त्री घरात नाही. ज्याच्या घरात इस्त्री नाही आणि ती कुठे गेली ते सांगवत नाही, त्याने काय भाजलं असेल?"

हेस्कथकाका पुढे आला. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली आणि उघडून धरली.

पन्नासाच्या नोटा होत्या. प्रत्येक अंगठ्याएवढी आकसलेली, कडक, कडा वर वळलेल्या. त्यातली राणी वाळलेल्या चिंचेएवढी झाली होती आणि तिच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा खरोखरची नाराजी दिसत होती. मागे कुणीतरी फसकन हसलं. मग अख्खा धक्का हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

"पुडक्यालाच एकदम गरम इस्त्री लावली," हेस्कथकाका म्हणाला. "वर फडकं होतं. वळवळायला लागल्या. मी आणखी जोरात दाबली." तो थांबला. "इस्त्रीच्या तळाला चिकटल्या त्याही खरवडून काढल्यात. इस्त्री मग समुद्रात टाकली. काल सांगणार होतो. पण ती म्हणते बायबलाने नोटा सरळ होतात. तिचा विश्वास आहे. मी कसा सांगू की इतकी वर्षं…"

"हेस्कथ," तांती म्हणाली.

हसणं थांबलं.

"बायबलाला स्टार्चचा वास येतो का रे? मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मला वाटलं तुला बरं वाटतं, म्हणून मी लोकांना बायबलाचं सांगत आले. या वेळी नव्या कोऱ्या नोटा होत्या, याला कशाला इस्त्री करशील असं वाटलं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "इस्त्रीचं मी तुला माफ केलं. पण काल संध्याकाळपासून गाव या पोराला चोर म्हणतंय आणि तू घरात बसून कोको पितोयस. त्याचं काय?"

हेस्कथकाकाने मान खाली घातली. गार्नेट होडीतल्या दोरीशी काहीतरी करत राहिला. मलाही कुठे बघावं ते कळेना, कारण मीही कालच्या संध्याकाळी त्याची मासळी घेतली नव्हती.

कॅप्टनने डबीत बोट घालून नोटा ढवळल्या. "झालं. आता याचं काय करायचं?"

"नंबर दिसतायत," मिस युडोरा म्हणाली. "बँकेत दिल्या की त्या वर सेंट किट्सला, बासेतेरला जातात. आपल्या सगळ्या बेटांची एकच मोठी बँक, तिथे. ते तपासतील आणि देतील. कधी ते देव जाणे."

"मी माझ्या बँकेत दिल्या तर?"

"तिथूनही तिथेच जातील. या नोटा आमच्या नाहीत आणि तुमच्याही नाहीत."

कॅप्टनने एकदा ओव्हनकडे आणि एकदा डबीकडे बघितलं. इंजिन धडधडत होतं. "नेतो मी," तो शेवटी म्हणाला. "पण बासेतेरने नाही म्हटलं तर मी बुडालो. कुणीतरी जामीन राहा, मी ओव्हन उतरवतो." व्हरांड्यात टाळ्या वाजवायला आलेले आम्ही सगळे आपापल्या चपला बघू लागलो. हवालदार तर मागच्या मागे सरकला. "तुम्हा लोकांपैकी," कॅप्टन म्हणाला, "भर वादळात माझी बोट ओढून आणणारा एकच आहे. तो राहिला तर मला चालेल." आणि त्याने गार्नेटकडे बोट दाखवलं.

व्हर्लिन पुढे झाली. मला वाटलं ती हात जोडेल.

"काल मी मासे परत ठेवले तुझ्या फळीवर," ती गार्नेटला म्हणाली. "तुला एक शब्दही विचारला नाही. आता मागायला मला तोंड नाही. तू नाही म्हण, मी काही बोलणार नाही."

गार्नेटने खूप वेळ घेतला. इतका की कॅप्टनने दोर सोडायला हात घातला.

"उतरवा तो ओव्हन," गार्नेट म्हणाला. मग हेस्कथकाकाकडे वळला. "आणि काका, सोमवारी पहाटे माझ्या होडीवर या. बासेतेरचं उत्तर येईपर्यंत रोज. शर्ट कसलाही चालेल."

हेस्कथकाकाने मान हलवली. मला वाटतं तो रडत होता, पण वाऱ्यामुळे नक्की सांगता येत नाही.

ओव्हन उतरवायला सगळी खाडी धावली, कारण शरम वाटली की माणसाच्या अंगात बळ येतं. माझ्या बोटावर त्याचा पाय पडला आणि ते मी मुकाट्याने सोसलं. व्हर्लिनने ओव्हनच्या दाराला हात लावला, ते उघडून बघितलं, मिटून बघितलं. बोट निघून गेली. मग ती गार्नेटच्या होडीपाशी गेली.

"आज मासळी आहे?" तिने विचारलं.

"आहे. पण महाग आहे."

"किती?"

"एक पाव."

"एवढंच?"

"रोज," गार्नेट म्हणाला.

आमच्या खाडीवर कुणीही सांगेल, व्हर्लिन मिठाच्या पुडीलाही घासाघीस केल्याशिवाय पैसे देत नाही. त्या दिवशी तिने मासे उचलून टोपलीत ठेवले.

"बरं," ती म्हणाली.